टिळक रोडवरच्या आमच्या सीए ऑफिसचं एर्गोनॉमिक्स आणि सेफ्टी ऑडिट : सविस्तर रिव्ह्यू

ऑफिसात येऊन लोक कसे बसतात, काय उचलतात, कुठे पडू-लागू शकतात हे तपासणाऱ्या एका छोट्या टीमचा हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कुठे कापला ते पुढे सांगते. घाईत असाल तर एवढंच वाचा: ऑफिस दहा ते पन्नास माणसांचं असेल, लोक दिवसभर कॉम्प्युटरवर असतील आणि मान, मनगट, कंबर ह्यातलं काहीतरी कुणाचं तरी सतत दुखत असेल, तर नवीन खुर्च्यांची कोटेशनं मागवायच्या आधी ह्या टीमला एकदा बोलवा. खुर्च्या नंतर लागल्या तर घ्या.

मी एका सीए फर्मचं ऍडमिन बघते. टिळक रोडपासून थोडं आत, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पंचवीसेक माणसं. टॅलीवर (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) बसणारे, रिटर्न भरणारे, ऑडिटला क्लायंटकडे फिरणारी आर्टिकलची, म्हणजे सीएचं ट्रेनिंग घेणारी मुलं, रेकॉर्ड सांभाळणारे काका, पॅन्ट्री आणि साफसफाई बघणाऱ्या मावशी. इथे ना प्रेस शॉप ना क्रेन, त्यामुळे कुणाला काही लागेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण एका सीझनमध्ये आमच्या एका ऑपरेटर ताईची बोटं बधिर व्हायला लागली, आर्टिकलची मुलं मानेला पट्टा लावून यायला लागली आणि मावशी पाण्याचा जार डिस्पेन्सरवर चढवताना कंबर धरून खालीच बसल्या, तेव्हा हे ऑडिट करून घ्यायचं का म्हणून पार्टनर सरांशी बोलले आणि ते लगेच हो म्हणाले. ऑडिट करणारी टीम दोघांचीच, एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आणि एक सेफ्टीवाले सर ज्यांची आधीची सगळी नोकरी चाकणकडच्या कारखान्यांत झालेली.

पहिली गोष्ट जी मला पटली ती म्हणजे त्यांनी शनिवारी यायला नकार दिला. मी म्हटलं होतं शनिवारी निवांत असतं, तेव्हा या. मॅडम म्हणाल्या, "रिकाम्या खुर्च्या बघून आम्ही काय सांगणार, जेव्हा सगळे पार कामात बुडालेले असतात तेव्हाच यायचंय." मग २० तारखेच्या आधी, म्हणजे थ्रीबीची (जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची) धावपळ चालू असताना आले. आणि खरंच, त्या दिवसांत माणूस कसा बसतो ते बघितल्याशिवाय काही कळत नाही, कारण सकाळी दहाला सगळेच ताठ बसतात, संध्याकाळी सातला स्क्रीनमध्ये नाक घालून एक पाय मांडीखाली घेऊन काम चालू असतं. यायच्या आधी एक फॉर्म पाठवला होता, त्यात माणसाच्या शरीराचं चित्र आणि कुठे दुखतं तिथे खूण करायची. हा फॉर्म मराठीत होता त्यामुळे मावशींनी आणि काकांनीही भरला. त्यात कंबरेवर सगळ्यात गडद खुणा कुणाच्या असतील तर ह्या दोघांच्याच, म्हणजे जे कॉम्प्युटरवर बसतच नाहीत त्यांच्या.

आता डेस्कवर काय काय झालं ते सविस्तर, कारण खरा माल इथे आहे.

मॅडमनी आधी कुणालाच काही सांगितलं नाही, प्रत्येकाच्या मागे-बाजूला उभं राहून नुसतं बघितलं आणि फोटो काढले. मग एकेकाला त्याचाच बाजूने काढलेला फोटो दाखवला. त्यानंतर खुर्ची. आपण सगळे खुर्चीची उंची पाय टेकतात का ह्यावर ठरवतो, मॅडम कोपरावरून ठरवतात. खांदे सैल सोडायचे, कोपर साधारण काटकोनात आणि हात कीबोर्डवर सरळ जातील एवढी खुर्ची वर घ्यायची, आणि मग पाय लोंबकळत असतील तर पायाखाली फूटरेस्ट. आपल्याकडे ऑफिसची टेबलं ७५ सेंटीमीटरच्या आसपास उंच असतात आणि वर-खाली होत नाहीत, पाच फूट उंचीच्या बाईला ते टेबल चांगलंच उंच पडतं, म्हणून ती दिवसभर खांदे उचलून टाइप करते आणि संध्याकाळी मान अवघडते. आमच्या ऑफिसमधल्या निम्म्या बायकांचं दुखणं हेच होतं, आणि उपाय काय तर खुर्चीचा खटका दाबून चार बोटं वर आणि पायाखाली लाकडी फूटरेस्ट, जो आम्ही ओळखीच्या सुताराकडून उतार देऊन करून घेतला.

काही खुर्च्यांचे हात टेबलाला अडत होते, त्यामुळे माणूस टेबलापासून लांब बसून पुढे वाकायचा. मॅडमनी विचारलं हे हात काढले तर चालतील का, सुटे होतात. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच बॅगेत. दहा मिनिटांत काढले, लोक आत सरकले, पाठ टेकली. सीटची खोली पण त्या बघतात, पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे, नाहीतर बुटक्या माणसाची पाठ टेकतच नाही. तिथे पाठीमागे उशी दिली की काम होतं.

मग आमचे सिनियर अकाउंटंट काका. साठीच्या पुढचे, प्रोग्रेसिव्ह चष्मा. सगळीकडे हेच सांगतात ना की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत पाहिजे, तसा त्यांचा मॉनिटर आम्ही मागेच स्टँडवर चढवला होता. मॅडमनी तो स्टँडच काढला! प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यात जवळचं वाचायचा भाग खाली असतो, त्यामुळे काका दिवसभर हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघत होते आणि मानेचा मागचा भाग दाबला जात होता. मॉनिटर खाली आणला, थोडा मागे कलता केला, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करता येईल हेही सांगितलं. काकांनी केला. इंटरनेटवरचा एकच नियम सगळ्यांना लावायचा नसतो, समोरच्याचा चष्मा पण बघायचा असतो, हे मला फार आवडलं.

ऑपरेटर ताईचं जरा गंभीर होतं. तिचा उजवा हात बधिर व्हायचा, रात्री मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "करंगळीला पण येतात का मुंग्या?" ताई म्हणाली नाही, अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि अर्धवट चौथं बोट. मनगटातून जी मिडियन नर्व्ह जाते ती बरोबर तेवढ्याच बोटांना जाते, करंगळीची नस वेगळी, म्हणून कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात ती नस दाबली जात असल्याची शंका. मॅडमनी तिथे कसलंही मालिश, टेप वगैरे केलं नाही, सरळ सांगितलं की रात्रीची जाग आणि पकड ढिली होणं ह्या दोन गोष्टी असतील तर वाट बघायची नाही, ऑर्थोपेडिककडे जा. ताई गेली, डॉक्टरांनी रात्री घालायचा स्प्लिंट (मनगट सरळ धरणारा पट्टा) दिला. जे आपलं काम नाही ते आपलं नाही म्हणून सांगणारी माणसं कमी भेटतात, ह्यासाठी एक स्टार जास्त देता आला असता तर दिला असता.

तिच्या टेबलावर पण बरंच बदललं. कीबोर्डच्या मागे दोन छोटे पाय असतात ना, ते उघडले की मनगट वरच्या बाजूला मुडपतं, ते मिटवून टाकले, सगळ्या ऑफिसचेच मिटवले. बिलांचा गठ्ठा ती डावीकडे टेबलावर आडवा ठेवायची आणि शेकडो वेळा मान डावीकडे खाली आणि परत वर, तर अप्पा बळवंत चौकातून वाचायचा स्टँड आणला, तो मॉनिटरला चिकटून त्याच उंचीवर. आणि माऊस. मोठ्या कीबोर्डला उजवीकडे नंबरपॅड असतो, त्याच्या पलीकडे माऊस, म्हणजे हात कायम बाहेर ताणलेला, खांद्याचं दुखणं तिथून येतं. मॅडमनी छोटा कीबोर्ड सुचवला, पण त्या मॉडेलला एफ-कीज वेगळ्या नव्हत्या, दुसरं बटण धरून दाबायच्या. टॅलीवाल्याला हे चालणारच नाही, एफ फाइव्ह पेमेंट, एफ एट सेल्स, एफ नाइन परचेस, दिवसभर तेच. ताईने स्पष्ट सांगितलं, मॅडमनी ऐकून घेतलं आणि मग असा कीबोर्ड शोधला ज्याला एफ-कीजची पूर्ण ओळ आहे पण नंबरपॅड नाही, नंबरपॅड सुटा. एंट्री करताना नंबरपॅड उजवीकडे, पोर्टलवर काम असेल तेव्हा तो बाजूला आणि माऊस आत. काम करणाऱ्याचं ऐकून उपाय बदलला हे महत्त्वाचं, कारण कामाला अडथळा करणारी गोष्ट कितीही शास्त्रीय असली तरी आठवड्यात ड्रॉवरमध्ये जाते.

आर्टिकलच्या मुलांचा प्रश्न लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे स्क्रीन नीट उंचीवर घेतली तर हात हवेत, हात नीट ठेवले तर मान खाली, दोन्ही एकत्र जमतच नाही. डोक्याचं वजन साधारण पाच किलो, ते तासन्‌तास पुढे लोंबकळत ठेवायचं म्हणजे मानेचे स्नायू दिवसभर ओढलेले. ऑफिसमध्ये स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माऊस दिला, पण मुलं निम्मा वेळ क्लायंटकडे, तिथे मिळेल त्या टेबलावर नाहीतर गोडाऊनमध्ये स्टुलावर बसतात. त्यांना मॅडमनी सांगितलं की सीएच्या जगात बॉक्स फाइल कुठेही मिळते, दोन बॉक्स फाइल आडव्या ठेवा, त्यावर लॅपटॉप, आणि सॅकमध्ये फक्त एक हलका कीबोर्ड आणि माऊस न्या. सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या हेही बजावलं, एका खांद्यावर सॅक टाकून टू-व्हीलरवर खड्ड्यांतून हडपसरपर्यंत जाणारी मुलं आहेत ही.

डोळ्यांचं पण झालं. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं हे ऐकलेलं असतं सगळ्यांनी, आमच्याकडे अडचण अशी होती की अर्ध्या लोकांसमोर भिंत. मग दोन टेबलं फिरवली, खिडकी समोर किंवा पाठीमागे न येता बाजूला येईल अशी, त्याने चकाकी पण गेली आणि बघायला बाहेरचं झाड मिळालं. एसीचा झोत थेट तोंडावर येत होता तो वळवला, कारण स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्यात कोरडी हवा, डोळे चुरचुरतात.

आणि एक वाक्य मॅडमनी प्रत्येक टेबलावर सांगितलं, की कितीही छान बसलात तरी तासन्‌तास तसंच बसायचं नाही. अर्ध्या तासाने उठा. फोन उभ्याने घ्या. पाण्याची छोटी बाटली ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल. प्रिंटर हाताशी होता तो मुद्दाम लांब ठेवला, आधी कुरकुर झाली, आता कुणी बोलत नाही.

सेफ्टीवाल्या सरांनी ह्या सगळ्या वेळात कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते थेट पॅन्ट्रीत गेले, मावशींना म्हणाले, "मावशी, जार कसा चढवता ते दाखवा, उचलू नका, नुसतं दाखवा." वीस लिटरचा जार म्हणजे २० किलो पाणी अधिक जारचं वजन. अमेरिकेतल्या नायॉश ह्या संस्थेचं उचलण्याच्या वजनाचं एक गणित आहे, त्यात सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, वळायचं नाही, धरायला नीट कडी, तर वरची मर्यादा २३ किलो. जमिनीवरून उचलायचं असेल, वस्तू अंगापासून लांब असेल, छातीपर्यंत न्यायची असेल, धरायला गुळगुळीत असेल, तर तोच आकडा निम्म्याच्याही खाली येतो. पाण्याच्या जारला ह्यातल्या सगळ्या गोष्टी लागू होतात! पुण्यात किती ऑफिसांत किती मावशी रोज हे करत असतील विचार करा. आमच्याकडे उपाय झाला तो जारच्या तोंडावर बसवायचा चार्जिंगचा पंप, जार बुटक्या स्टुलावर राहतो, आणि तो जार देणारा मुलगाच स्टुलावर ठेवून जातो, तसं त्याच्या मालकाशी बोलून घेतलं. खर्च इतका किरकोळ की मला कोटेशनसुद्धा घ्यावं लागलं नाही.

झेरॉक्सच्या कागदाचं पण तसंच. ७५ जीएसएमचा ए-फोर कागद, ५०० पानांचं रीम सव्वादोन किलोच्या वर जातं, दहा रीमचा बॉक्स २३ किलोच्या पुढे. आमचे रेकॉर्डवाले काका तो बॉक्स जिन्यावरून आणायचे. आता खाली बॉक्स फोडून दोन-दोन रीम वर, जो येईल तो घेऊन येतो.

पण सरांचा चेहरा खरा बदलला तो पोटमाळा बघून. आमचं जुनं रेकॉर्ड पोटमाळ्यावर. ज्यांना सीए ऑफिस माहीत नाही त्यांना सांगते, कागद टाकता येत नाहीत, कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवायला सांगितलीत, जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने, शिवाय नोटीस आली की जुनं काहीतरी लागतंच. त्यामुळे बॉक्स फाइल्सचे ढीग, आणि वर जायला एक ऍल्युमिनियमची शिडी जिचे खालचे रबर कधीच झिजून गेलेत. काका एका हातात फाइल घेऊन दुसऱ्या हाताने शिडी धरून उतरायचे. सरांनी तिथल्या तिथे ती शिडी बंद करायला लावली. नियम सोपा सांगितला, शिडीवर कायम तीन टेकू, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, आणि सामान हातात घेऊन चढ-उतार नाही, खाली एकाने उभं राहून घ्यायचं किंवा पिशवी दोरीने सोडायची. नवीन शिडी रुंद पायऱ्यांची, वर धरायला दांडा असलेली घेतली. आणि मोठं काम म्हणजे रेकॉर्डची जागाच बदलली, चालू दोन वर्षांचं आणि ज्यांच्या केसेस चालू आहेत त्यांचं सगळं कमरेच्या उंचीच्या रॅकवर, पोटमाळ्यावर फक्त ते जे वर्षातून एखाद्या वेळी लागतं. मुदत संपलेलं पार्टनर सरांना विचारून श्रेड केलं. ह्यात आमचे दोन शनिवार गेले पण काकांच्या माळ्यावरच्या फेऱ्या जवळजवळ संपल्या.

स्टीलची कपाटं आणि ड्रॉवरची कॅबिनेट, ह्यात जड फाइल्स खालच्या कप्प्यात, हलक्या वर, आणि एका वेळी एकच ड्रॉवर उघडा. वरचे दोन भरलेले ड्रॉवर एकदम बाहेर काढले तर अख्खं कॅबिनेट पुढे येऊ शकतं, आमचं एक हलत होतं, ते भिंतीला ब्रॅकेटने पक्कं केलं. उघडा राहिलेला खालचा ड्रॉवर म्हणजे नडगी फुटणार, बंद करायची सवय लावा, बाकी काही नाही. चाकाच्या खुर्चीवर उभं राहून ट्यूब बदलणं पूर्ण बंद, त्यासाठी पॅन्ट्रीत तीन पायऱ्यांचं स्टूल ठेवलं.

वायरी. एक्स्टेन्शन बोर्डला एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला तिसरा, आणि तो रस्त्यात. तपकीर गल्लीतून वायर झाकायच्या पट्ट्या आणि नीट बोर्ड आणले, दोन ठिकाणी इलेक्ट्रिशियनकडून भिंतीत नवीन पॉइंट काढले. हेल्मेट आणि सॅक खुर्चीशेजारी जमिनीवर असायच्या, त्याला दाराजवळ रॅक केला.

पावसाळ्याचं सरांनी वेगळं सांगितलं आणि पुण्यात हे फार लागू पडतं. जूनपासून माणसं रेनकोट निथळत वर येतात, दारात गुळगुळीत टाइल, त्यावर पाणी. बोहरी आळीतून जाड पाणी शोषणारी मॅट, रेनकोट टांगायला दाराबाहेर दांडी आणि खाली ट्रे. पुसायची वेळ बदलली, मावशी आधी साडेदहाला पुसायच्या म्हणजे सगळे येतात तेव्हाच ओलं, आता नऊला. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या, त्याला खरखरीत पट्ट्या लावल्या. मधल्या वळणावरचा दिवा सोसायटीचा, पत्र दिलं, वेळ लागला पण लागला दिवा.

आग विझवायचं सिलिंडर कपाटामागे सापडलं. होतं, तारीख पण चालू होती, पण कपाट सरकवल्याशिवाय हात पोचला नसता. आता दाराशेजारी आहे आणि सगळ्यांनी एकदा हातात धरून बघितलंय, पिन काढायची, नळी ज्वालेच्या बुडाशी धरायची, दाबायचं. फर्स्ट एड बॉक्समध्ये मुदत गेलेली मलमं निघाली. पॅन्ट्रीत चहाने हात भाजला की टूथपेस्ट लावायची पद्धत होती, सरांनी आणि मॅडमनी दोघांनी मिळून ती बंद केली, नळाखाली गार पाण्यात २० मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही. हे एका कागदावर लिहून नळाच्या वर चिकटवलंय. शेजारी १०८ पण मोठ्या अक्षरात.

एक गोष्ट मला सरांनी विचारेपर्यंत कुणीच विचारली नव्हती, की मावशींचं ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे का. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर त्यात येतात, आणि कामावर इजा झाली तर उपचार आणि रजेच्या दिवसांचे पैसे त्यातून मिळतात. मावशींच्या एजन्सीकडून कागद मागवून तपासले, नाव होतं, पण मावशींकडे कार्डच नव्हतं आणि दवाखाना कुठला हेही त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत आहे. राज्याच्या दुकाने आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात कामाच्या जागेची स्वच्छता, उजेड, हवा, आगीपासून बचाव ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे, तो भाग पण त्यांनी रिपोर्टला जोडला, त्यामुळे पार्टनर सरांसमोर माझं काम सोपं झालं.

खर्चाचं. माणशी दर आहे आणि पॅन्ट्री, जिना, रेकॉर्ड हे वेगळं न धरता त्यातच. आमचं अख्खं ऑफिस दोन बऱ्या ब्रँडेड खुर्च्यांच्या पैशांत झालं. खुर्च्या आम्ही शेवटी मोजक्याच घेतल्या, ज्यांचा गॅस खाली बसला होता त्यांच्याच. कुठल्या दुकानातून घ्या हे त्यांनी सांगितलं नाही, विचारलं तरी नाही, फक्त काय बघायचं ते सांगितलं: बुडाला पाच पाय, सीट वर-खाली आणि शक्यतो पुढे-मागे, कंबरेचा आधार सरकणारा, हात खाली जाणारे, आणि वर्क चेअरचं आयएस १७६३१ हे स्टँडर्ड पाळलंय का ते विचारा. आणि ज्याची खुर्ची त्याला दुकानात बसवून बघा. कमिशनचा वास कुठेही आला नाही.

आता तक्रारी. रिपोर्ट जाडजूड आणि पूर्ण इंग्रजीत आला. फॉर्म मराठीत देता मग रिपोर्ट का नाही, ज्यांच्या कंबरेसाठी एवढं केलं त्या मावशींना आणि काकांना त्यातलं एक पान वाचता येत नाही. मी सांगितल्यावर पॅन्ट्री आणि रेकॉर्डचं एक-एक पान मराठीत करून दिलं, चित्रांसकट, चांगलं दिलं, पण मागावं लागलं. दुसरं, महिन्याने परत येऊन बघणार असं ठरलं होतं, ती भेट खूप लांबली आणि दोनदा मला फोन करावा लागला. तिसरं, व्यायामाचं सेशन ऑनलाइन ठेवलं होतं, कॅमेरे बंद करून सगळे एक्सेल उघडून बसले, त्याचा काही उपयोग झाला नाही. समोर उभं राहून पंधरा मिनिटं घेतलं असतं तर झालं असतं.

आणि एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती तरी त्यांनी लिहिली ह्याचं मला कौतुक आहे. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर, ठळक, की ऑडिटच्या सीझनमध्ये हे लोक रात्री दहापर्यंत बसतात, आणि तेवढे तास बसणाऱ्या माणसाला कुठलीच खुर्ची वाचवू शकणार नाही. ३० सप्टेंबरच्या, म्हणजे टॅक्स ऑडिटच्या तारखेच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडे काय असतं ते ह्या लाइनमधल्यांना माहीत आहे. पार्टनर सरांनी ते पान वाचून ऑगस्टपासूनच क्लायंटकडून कागद मागवायला सुरुवात केली, पूर्ण सुटलं नाही, तारखा जवळ आल्या की अजूनही उशीर होतो, पण दुपारच्या जेवणाला टेबल सोडून उठायचंच आणि चारला दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं हे आता सर स्वतः बघतात. सर उठले की सगळे उठतात.

फरक किती पडला विचाराल तर, ताईची रात्रीची जाग थांबली, मानेचे पट्टे दिसत नाहीत, मावशी जार उचलत नाहीत. सिनियर काकांची मान अजून अधूनमधून धरते, त्यांचं जुनं स्पॉन्डिलायसिस आहे, मॅडमनी आधीच सांगितलं होतं की ते टेबल बदलून जाणार नाही. आर्टिकलच्या मुलांपैकी काही कीबोर्ड घरी विसरतात, त्याला मी काय करणार, एक जास्तीचा सेट ऑफिसात ठेवलाय, निघताना आठवण करते.

बोलवायचं असेल तर दोन गोष्टी करा. तुमच्या कामाच्या गर्दीच्या आठवड्यात बोलवा आणि आधी तारीख धरून ठेवा, कारण त्यांच्याकडे माणसं दोनच आहेत. आणि आल्यावर त्यांना आधी पॅन्ट्री, स्टोअर रूम आणि जिना दाखवा, मोठ्या साहेबांची केबिन शेवटी. रिपोर्ट मराठीत पाहिजे हे पहिल्याच फोनवर सांगून ठेवा.